जर्मनीत नोकरी: तीन आठवड्यांची मुदत, पेनाने केलेली सही आणि खालचा लेटरबॉक्स

जर्मनीत कामाला आलेल्या आपल्या लोकांच्या डोक्यात एक समज घट्ट बसलेला असतो: व्हिसा कंपनीमुळे मिळालाय, तेव्हा कंपनी म्हणेल ते मुकाट्याने ऐकायचं. हा समज आखातातल्या नोकऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवरून आलेला असावा. इथे तो लागू नाही. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा राहण्याचा आणि कामाचा परवाना, देतं ते परदेशी नागरिकांचं कार्यालय, म्हणजे आउसलेंडरबेह्योर्डे. ते काढून घ्यायचं किंवा त्याची मुदत कमी करायची, हेही तेच ठरवतं. नोकरी संपल्याचं त्या कार्यालयाला चार आठवड्यांच्या आत कळवणं एवढंच कंपनीचं काम. ‘आत्ता सही केली नाहीत तर व्हिसाचं अवघड होईल’ असं एचआरमधलं कोणी म्हणालं, तर ती धमकी समजा. नियम तसा काही नाही.

इथला कामगार कायदा कर्मचाऱ्याची बाजू बऱ्यापैकी राखतो, पण आपणहून धावून येत नाही. जवळजवळ प्रत्येक हक्काला मुदत आहे आणि ती उलटली की न्यायाधीशालाही फारसं काही करता येत नाही. म्हणून सुरुवात सगळ्यात कडक मुदतीपासून.

नोटीस हातात पडली

नोकरीवरून काढल्याचं पत्र, म्हणजे क्युंडिगुंग, कागदावरच असावं लागतं आणि त्यावर पेनाने केलेली सही लागते. ईमेल, व्हॉट्सॲप, पीडीएफ, स्कॅन केलेली सही, स्क्रीनवर बोटाने केलेली सही यातलं काहीही चालत नाही. व्हिडिओ कॉलवर ‘आजपासून तुमचं काम संपलं’ असं सांगितलं, लॅपटॉप बंद केला, तरी कायद्याने नोकरी चालूच असते. अशा वेळी ‘ठीक आहे’ म्हणून मेल लिहू नका. काम करायला मी तयार आहे, एवढंच लेखी कळवा आणि कागद येण्याची वाट पाहा.

कागद आला की पाकिटावर आणि पत्रावर मिळाल्याची तारीख लिहा. लेटरबॉक्समध्ये टाकलं असेल तर पाकिटासकट फोटो काढा. मग सही कोणाची आहे ते पाहा. संचालक किंवा एचआर प्रमुख यांना असा अधिकार असतो हे गृहीत धरलं जातं. पण टीम लीडने सही केली असेल आणि सोबत अधिकारपत्राची मूळ प्रत नसेल, तर त्या कारणावरून पत्र फेटाळता येतं. हे मात्र लगेच करावं लागतं, साधारण आठवड्याच्या आत. तेही लेखी, आणि हे काम वकिलाकडून करून घेतलेलं बरं.

पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात, म्हणजे आर्बाइट्सगेरिष्टमध्ये, दावा दाखल व्हायला हवा. तो झाला नाही तर चुकीची नोटीसही वैध धरली जाते. एचआरशी बोलणी चालू असली, त्यांनी ‘पुढच्या महिन्यात चांगली ऑफर देतो’ म्हटलं असलं, तरी ही मुदत थांबत नाही. बोलणी बावीस दिवस ताणायची आणि मग गप्प बसायचं, हा प्रकार नवा नाही.

सुट्टीवर भारतात गेलेल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पत्र तुमच्या जर्मनीतल्या लेटरबॉक्समध्ये पडलं की ते ‘पोहोचलं’ असं धरतात, तुम्ही त्या वेळी देशात असा वा नसा. चार आठवड्यांची रजा टाकून आलात तर मुदत उलटलेली असू शकते. अशा वेळी उशिराचा दावा मान्य करा असा अर्ज करता येतो, पण तो परत येऊन पत्र बघितल्यापासून दोन आठवड्यांत आणि दाव्यासोबतच. लांबच्या रजेवर जाताना शेजाऱ्याला किंवा मित्राला लेटरबॉक्सची किल्ली देऊन ठेवणं हा त्याहून सोपा उपाय.

दाव्यासाठी वकील सक्तीचा नाही. प्रत्येक कामगार न्यायालयात रेष्ट्सआन्ट्रागश्टेले नावाची खिडकी असते. कॉन्ट्रॅक्ट, नोटीस आणि पगाराच्या शेवटच्या काही स्लिपा घेऊन गेलात तर तिथला कर्मचारी तुमचं म्हणणं ऐकून दावा लिहून घेतो. आगाऊ फी लागत नाही. सल्ला मात्र तिथे मिळत नाही आणि कारभार जर्मनमध्ये चालतो, तेव्हा भाषा येणारं कोणीतरी सोबत न्या. पुढे पहिली तारीख पडते ती तडजोडीची असते आणि बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात. तडजोड झाली तर न्यायालयाची फी सहसा लागतच नाही.

वकिलाच्या खर्चाबद्दल गैरसमज फार. कामगार न्यायालयाच्या पहिल्या पायरीवर जिंकणाऱ्यालाही आपल्या वकिलाची फी स्वतःच भरावी लागते, समोरच्याकडून वसूल होत नाही. त्यामुळे कायदेशीर खर्चाचा विमा नोकरी चांगली चालू असतानाच काढावा. नोकरीविषयक वादांसाठी त्यात बहुतेक वेळा तीन महिन्यांची वाट पाहण्याची अट असते, आणि वाद आधीच सुरू झाला असेल तर विमा कंपनी हात वर करते. युनियनचं सभासदत्व हा दुसरा रस्ता. फेअरडी किंवा ईगे मेटाल यांची वर्गणी ढोबळ, म्हणजे कपातीआधीच्या, पगाराच्या सुमारे एक टक्का पडते आणि न्यायालयातलं प्रतिनिधित्व त्यात येतं, पण तिथेही आधी काही महिने सभासद असावं लागतं.

‘फक्त इथे सही करा’

कंपन्यांना नोटीस देण्यापेक्षा आवडतो तो आउफहेबुंग्सफर्त्राग, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवण्याचा करार. यात तुम्ही स्वतःच हक्क सोडता, त्यामुळे नंतर न्यायालयात जाण्यासारखं फारसं उरत नाही. सही केल्यावर विचार बदलला म्हणून हा करार मागे घेता येत नाही. ऑनलाइन खरेदीसारखी चौदा दिवसांची सवलत इथे नाही.

बैठकीत हा कागद समोर आला तर एकच वाक्य पुरतं: ‘घरी नेऊन वाचतो.’ कोणताही कायदा त्याच दिवशी सही करायला लावत नाही. घरी गेल्यावर या गोष्टी तपासा. नोकरी संपण्याची तारीख तुमचा पूर्ण नोटीस काळ धरून आहे का? राहिलेल्या रजेचे पैसे लिहिलेत का? बोनस आणि शेअर्सचं काय? सेवापत्रात, म्हणजे कंपनी तुमच्या कामाबद्दल जे लिहून देते त्यात, कोणती श्रेणी द्यायची ते ठरलंय का? आणि करार झाला नसता तर कंपनी व्यवसायाच्या कारणाने नोटीस देणारच होती, असं वाक्य त्यात आहे का?

हे शेवटचं वाक्य बेरोजगारी भत्त्यासाठी लागतं. स्वतः राजीनामा दिला किंवा कारण नसताना असा करार केला, तर आगेन्टुअर फ्युअर आर्बाइट, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालय, सर्वसाधारणपणे बारा आठवडे भत्ता रोखतं. याला श्पेरत्साइट म्हणतात. भत्त्याचे एकूण दिवसही किमान चौथाईने कमी होतात. नोटीस काळ पूर्ण पाळला असेल, व्यवसायाच्या कारणाने नोटीस येणार हे नक्की असेल आणि भरपाई नोकरीच्या दरवर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त नसेल, तर ही अडवणूक सहसा होत नाही. त्याहून मोठी रक्कम मिळत असेल तर आधी वकिलाला दाखवा.

भरपाईचा उल्लेख आलाच आहे म्हणून: नोकरीवरून काढलं की भरपाई आपोआप मिळते, असा कायदा जर्मनीत नाही. ‘दरवर्षी अर्धा महिना’ हा बोलण्यांमधला ठोकताळा आहे. कंपनी पैसे देते ती खटला हरण्याच्या धास्तीने, आणि तीन आठवड्यांत दावा दाखल नसेल तर तिला धास्ती कसली?

पहिले सहा महिने

प्रोबेशन आणि नोकरीचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोबेशनमध्ये नोटीस काळ दोन आठवड्यांचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. कारण दाखवल्याशिवाय काढता न येण्याचं संरक्षण नोकरीला सहा महिने पूर्ण झाल्यावर लागू होतं, तेही कंपनीत दहापेक्षा जास्त कर्मचारी असतील तरच. मोजताना अर्धवेळवाले आठवड्याला वीस तासांपर्यंत असतील तर अर्धे आणि तीस तासांपर्यंत असतील तर पाऊण धरतात. कॉन्ट्रॅक्टमध्ये प्रोबेशन तीन महिन्यांचं लिहिलं असलं, तरी संरक्षण सहा महिन्यांनीच. सहाव्या महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी पत्र हातात पडलं तरी कंपनीला कारण सिद्ध करावं लागत नाही.

याचा अर्थ पहिल्या सहा महिन्यांत काहीच हक्क नाहीत, असा नव्हे. गरोदर कर्मचाऱ्याला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. नोटीस मिळाल्यावर दोन आठवड्यांत कंपनीला गरोदरपण कळवलं तरी ते लागू होतं. कंपनीत कर्मचारी समिती, म्हणजे बेट्रीब्सराट असेल, तर प्रत्येक नोटिशीआधी तिला विचारावंच लागतं, प्रोबेशनमध्येही. विचारलं नाही तर नोटीस रद्द. पण हे मुद्दे मांडायचे तेही त्याच तीन आठवड्यांत.

सहा महिन्यांनंतर काढायचं तर कारण लागतं: आजारपणासारखं व्यक्तीशी निगडित, वागणुकीचं, किंवा व्यवसायाचं. व्यवसायाच्या कारणात सारखंच काम करणाऱ्यांमधून कोणाला काढायचं ते वय, नोकरीची वर्षं, पोसायची माणसं आणि अपंगत्व बघून ठरवावं लागतं. टॅक्स कार्डवर नसलेली मुलं किंवा भारतात तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांची कंपनीला कल्पनाच नसते. ते लेखी कळवून ठेवा. कायद्याने ज्यांना पोसण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, त्यांचाच विचार होतो.

कॉन्ट्रॅक्टमधल्या तीन जागा

भारतात बसून सही करताना पगाराचा आकडा सगळे वाचतात. अडचणी निघतात त्या शेवटच्या पानांवर.

पहिली जागा आउसश्लुसफ्रिस्ट. ‘नोकरीतून निर्माण होणारे दावे तीन महिन्यांत लेखी मागितले नाहीत तर बाद’ अशा अर्थाचं कलम बऱ्याच करारांत असतं. एरवी पगाराची थकबाकी मागायला वर्षअखेरीपासून तीन वर्षं मिळतात. या कलमामुळे ती तीन महिन्यांवर येतात. ओव्हरटाइम, बोनस, प्रवासखर्च, चुकून कमी दिलेला पगार, सगळं त्यात आलं. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदत लिहिली असेल, किंवा २०१५ पासूनच्या करारात किमान वेतनाचा हक्क यातून वगळलेला नसेल, तर कलम मोडीत निघू शकतं. पण त्यावर विसंबण्यापेक्षा मागणीचा मेल वेळेत पाठवणं सोपं. ऑक्टोबर २०१६ पासूनच्या करारांना ईमेल पुरतो.

दुसरी जागा पैसे परत करण्याचं कलम. दोन वर्षांच्या आत सोडलंत तर विमानभाडं, सामानाचा खर्च, जर्मन शिकवणीचे पैसे परत करा, असं लिहिलेलं असतं. असं कलम टिकायचं तर रक्कम महिन्यागणिक कमी होत जायला हवी आणि कंपनीच्या चुकीमुळे तुम्ही सोडलंत तर ती मागता कामा नये. सरसकट ‘कोणत्याही कारणाने सोडल्यास पूर्ण रक्कम’ असं असेल तर न्यायालय ते दुरुस्त करून लावत नाही, अख्खं कलमच जातं. तुम्हाला शोधून आणणाऱ्या एजंटाचं कमिशन कर्मचाऱ्याकडून परत घेता येत नाही, असा निर्णय जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे.

तिसरी जागा मुदतीच्या नोकरीची, आणि इथे परदेशातून येणाऱ्यांच्या बाजूने एक मजेशीर तरतूद आहे. ठरावीक मुदतीचा करार दोघांच्या हाताने केलेल्या सहीनिशी किंवा सर्वांत वरच्या दर्जाच्या डिजिटल सहीनिशी, काम सुरू होण्याआधी व्हावा लागतो. पुण्याहून प्रिंट काढली, सही केली, स्कॅन करून मेल केला आणि मूळ कागद कधी पोहोचलाच नाही, अशी स्थिती असेल तर ती मुदत गैरलागू ठरते आणि नोकरी कायमची धरली जाते. मात्र हे मांडण्यासाठी लिहिलेली मुदत संपल्यापासून तीन आठवड्यांत दावा लावावा लागतो. तोपर्यंत त्याबद्दल ऑफिसात चकार शब्द काढायचं कारण नाही.

तास, रजा, आजारपण

दिवसाचे आठ तास. सहा महिन्यांची सरासरी आठवर येत असेल तर एखाद्या दिवशी दहा. दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तास विश्रांती, सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्धा तास सुट्टी, नऊपेक्षा जास्त असेल तर पाऊण. रात्री साडेअकरापर्यंत भारतातल्या टीमशी कॉल चालला तर सकाळी साडेदहाच्या आधी काम सुरू करायला लावता येत नाही. जास्तीच्या तासांचे पैसे मागायचे तर ते कोणी सांगितले किंवा चालवून घेतले, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. तारीख, सुरुवात, शेवट, काम आणि सांगणाऱ्याचं नाव अशी स्वतःची वही ठेवा. ‘सगळा ओव्हरटाइम पगारात धरला आहे’ हे मोघम कलम सहसा टिकत नाही. पण पेन्शन विम्याचा हप्ता ज्या पगारापर्यंत कापला जातो, त्या कमाल मर्यादेच्या वर तुमचा वार्षिक पगार असेल (२०२६ साठी १,०१,४०० युरो), तर ओव्हरटाइमचे वेगळे पैसे मिळण्याची आशा बहुतेक वेळा धरू नये.

पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान वीस दिवस रजा. पूर्ण हक्क सहा महिन्यांनी, त्याआधी दरमहा बाराव्या भागाने. ३१ डिसेंबरला रजा बुडते असं सगळे म्हणतात, पण किमान रजेच्या बाबतीत कंपनीने वेळेत आठवण करून देऊन ‘घ्या नाहीतर जाईल’ असं स्पष्ट सांगितलं असेल तरच ती बुडते.

आजारी पडलात तर काम सुरू होण्याआधी कळवा. तीन दिवसांपेक्षा जास्त आजार असेल तर चौथ्या दिवशी डॉक्टरांचा दाखला हवा, कंपनीने सांगितलं असेल तर पहिल्याच दिवशी. सरकारी आरोग्य विमा असेल तर दाखला डॉक्टरांकडून थेट क्रांकेनकासेकडे, म्हणजे आरोग्य विमा संस्थेकडे, जातो आणि कंपनी तो तिथून मागवते. सहा आठवडे पूर्ण पगार चालू राहतो, नोकरीला चार आठवडे झालेले असतील तर. पुढे विम्याकडून ढोबळ पगाराच्या सत्तर टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त नाही. आजारपणात नोटीस देता येत नाही, हा समज मात्र खोटा आहे.

भारतात रजेवर असताना आजारी पडलात तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत, परत मिळतात. त्यासाठी डॉक्टरांच्या कागदावर नुसतं रोगाचं नाव किंवा ‘विश्रांती घ्या’ पुरत नाही. रुग्ण काम करण्यास असमर्थ आहे आणि कधीपासून कधीपर्यंत, हे लिहून घ्या, इंग्रजीत चालतं. कंपनीला ताबडतोब आजाराचा अंदाजे काळ आणि भारतातला पत्ता कळवा, क्रांकेनकासेलाही कळवा. हे दिवस रजेच्या शेवटी परस्पर जोडून परतीची तारीख पुढे ढकलू नका. तसं करणं हे नोटिशीचं आयतं कारण होतं.

नोकरी गेली, व्हिसाचं काय

नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत आगेन्टुअर फ्युअर आर्बाइटकडे ‘काम शोधत आहे’ अशी नोंद करा, ऑनलाइन होते. नोकरी संपायला तीन महिन्यांहून जास्त वेळ असेल तर संपण्याच्या तीन महिने आधी. उशीर झाला तर एका आठवड्याचा भत्ता जातो. नोकरी संपल्यावर पहिल्याच दिवशी ‘बेरोजगार’ म्हणून दुसरी नोंद करायची असते. पहिल्या नोंदीत ती आपोआप होत नाही आणि नेमकी हीच विसरते.

मागच्या तीस महिन्यांत बारा महिने बेरोजगारी विम्याचा हप्ता भरला असेल तर हातात येणाऱ्या पगाराच्या साठ टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर सदुसष्ट. बारा महिन्यांच्या हप्त्यांवर सहा महिने, चोवीसवर बारा. हा विमा आहे, सरकारी मदत नव्हे, आणि घेतल्याने राहण्याचा परवाना धोक्यात येत नाही. लाजून किंवा घाबरून तो न मागणारे आपल्यात बरेच.

परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला तुम्हीही दोन आठवड्यांत कळवायचं आहे. युरोपीय नियमांप्रमाणे ब्लू कार्ड दोन वर्षांपेक्षा कमी काळ असेल तर तीन महिन्यांपर्यंत आणि त्याहून जुनं असेल तर सहा महिन्यांपर्यंतच्या बेरोजगारीमुळे ते काढून घेता येत नाही. ब्लू कार्डावरच्या पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर कार्यालयाला आधी कळवा. ते बदल तीस दिवस रोखून तपासू शकतं. त्यानंतर परवानगी लागत नाही. नवा वार्षिक पगार ब्लू कार्डासाठीच्या किमान मर्यादेइतका तरी हवा, २०२६ मध्ये ५०,७०० युरो, माणसांची टंचाई असलेल्या पेशांसाठी ४५,९३४.२०. अर्धवेळ काम मागण्याआधीही हेच गणित मांडा.

परदेशातून आलेल्या कामगारांसाठी फेअरे इंटेग्रात्सियोन नावाची मोफत सल्लाकेंद्रं प्रत्येक राज्यात आहेत आणि तिथे अनेक भाषांत बोलता येतं. १ जानेवारी २०२६ पासून, परदेशातून थेट भरती करणाऱ्या कंपनीने या केंद्रांची माहिती कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत लेखी द्यायची आहे.

भारतीय कंपनीच्या डेप्युटेशनवर आलेल्यांचं गणित वेगळं. करार भारतातला असेल तर वर सांगितलेलं नोकरीचं संरक्षण बहुतेक वेळा लागू होत नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. त्याखाली भारतातल्याच सामाजिक सुरक्षेत असल्याचं ४८ महिन्यांपर्यंतचं प्रमाणपत्र घेऊन आलेले जर्मन पेन्शन आणि बेरोजगारी विम्यात हप्ता भरत नाहीत, म्हणून भत्ताही नाही. पण किमान वेतन (२०२६ मध्ये तासाला १३.९० युरो), कामाचे तास, किमान रजा आणि बाळंतपणाचं संरक्षण त्यांनाही जर्मन कायद्यानेच मिळतं, कॉन्ट्रॅक्टवर बंगळुरूचा शिक्का असला तरी.